लुटुपुटूची लढाई, खरी प्रेतं

फिल्म सोसायटीच्या खेळानंतर हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं. जॉन हस्टनचा ‘द बॅटल ऑफ सॅन पिएत्रो’ संपलेला असतो, दिवे लागलेले असतात, चहाचे कप हातोहात पुढे सरकत असतात. तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणीतरी मोबाइलमधून मान वर न काढता जाहीर करतं, “पण हे सगळं बनवलेलं आहे. लढाई संपल्यावर सैनिकांना पुन्हा पळायला लावून शूट केलंय.” झालं! ज्यांचे डोळे मघाशी पाणावले होते ते ओशाळून कपात बघू लागतात. अर्धा तास ज्याने माणसांना खुर्चीला खिळवलं, तो अनुबोधपट एका वाक्यात निकालात निघतो.

गेल्या खेपेला हे वाक्य टाकणारा मुलगा हुशार होता, वाचलेला होता. तिथे वाद घालायला सवड मिळाली नाही, कारण नऊच्या ठोक्याला सभागृह रिकामं करून द्यायचं होतं. ते राहिलेलं भांडण इथे पुरं करतो.

आधी त्याचीच बाजू मांडतो, आणि त्याने मांडली त्याहून जोरात मांडतो. ‘द मॉल्टीज फाल्कन’मुळे १९४१ साली नाव झालेला हस्टन पुढच्याच वर्षी अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये रुजू झाला. १९४३च्या हिवाळ्यात तो इटलीत होता. नेपल्सच्या वायव्येला, लिरीच्या खोऱ्याच्या तोंडाशी, सॅन पिएत्रो इन्फिने नावाचं डोंगरउतारावरचं दगडी गाव आहे. ८ ते १७ डिसेंबर या दिवसांत तिथे ३६वी डिव्हिजन जर्मनांशी लढली. हस्टनबरोबर ज्यूल्स बक हा कॅमेरामन होता आणि एरिक अँब्लर हा ब्रिटिश कादंबरीकार होता. ही मंडळी गावाशी पोचली तोवर मुख्य झुंज संपत आली होती. पीटर मॅस्लोव्स्की या इतिहासकाराने कच्चं चित्रण आणि लष्करी कागदपत्रं चाळून १९९३च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं, की चित्रपटातली लढाईची बहुतेक दृश्यं नंतरच्या आठवड्यांत सैनिकांकडून पुन्हा करवून घेतलेली आहेत. आपण श्वास रोखून पाहतो ती चढाई म्हणजे सरळ लुटुपुटूची लढाई.

आरोपी पहिलटकरही नाही. उत्तर आफ्रिकेतल्या विजयाचं धड अमेरिकी चित्रण हाताशी नव्हतं, म्हणून दिग्दर्शक फ्रँक काप्राच्या देखरेखीखाली कॅलिफोर्नियातल्या मोहावे वाळवंटात रणगाडे पळवून ट्युनिशिया ‘तयार’ करण्यात आला. त्या उद्योगातही हस्टन सामील होता. पुढे आत्मचरित्रात त्याने ते कबूलही केलं.

हे सगळं मान्य. तरीही माझं म्हणणं असं, की हा खटला चुकीच्या कलमाखाली भरलेला आहे.

त्या मुलाला मी एकच गोष्ट करायला सांगेन. युद्धाच्या चित्रणासाठी वापरत तो आयमो कॅमेरा त्याने एकदा हातात घेऊन पाहावा. एका निवृत्त छायालेखकाकडे मी तो घेतला होता. लोखंडी ठोकळाच. बाजूची चावी घड्याळासारखी पिळायची, मग आतली स्प्रिंग फिल्म पुढे ओढते. रीळ शंभर फुटांचं, म्हणजे जेमतेम एका मिनिटाचं, आणि चावी त्याच्याही आधी उतरते. मग पुन्हा पिळायची. रीळ संपलं की सावली शोधायची, झाकण उघडायचं, कोरड्या बोटांनी फिल्मचं टोक खाचेत अडकवायचं. आता हे डिसेंबरच्या पावसात, चिखलात, सुरुंग पेरलेल्या ऑलिव्हच्या वाफ्यांमध्ये करा. हल्ला पहाटेच्या अंधारात सुरू झाला होता. त्या काळच्या फिल्मला त्या उजेडात काय दिसणार? ‘जशी घडली तशी’ लढाई ज्याला पाहायची आहे त्याच्या वाट्याला काळोख येईल, धुकं येईल, आणि कॅमेरामनच्या नाकासमोरचा वीतभर चिखल येईल.

शिवाय हा कॅमेरा मुका. सॅन पिएत्रोच्या लढाईतली प्रत्येक सणसणती गोळी, प्रत्येक स्फोट, मशीनगनची प्रत्येक तडतड नंतर पट्टीवर चढवलेली आहे. ‘आवाज खोटा आहे’ अशी तक्रार मात्र आजवर एकानेही चहाच्या कपावरून केलेली मला आठवत नाही. कान फसवलेले चालतात, डोळे नाहीत. का बरं?

याच डोंगरावर १४ डिसेंबरला कॅप्टन हेन्री वॉस्को हा टेक्सासचा अधिकारी मारला गेला. त्याचं शव खेचरावर घालून रात्री खाली आणलं गेलं, आणि वार्ताहर अर्नी पाइलने त्यावर लिहिलेला मजकूर दुसऱ्या महायुद्धातलं सर्वांत गाजलेलं वार्तापत्र ठरला. वॉस्को पडला तेव्हा पाइल त्याच्या शेजारी नव्हता. त्याने पाहिलं ते नंतरचं, आणि लिहिलं ते त्याच्याही नंतर. त्याला कोणी बनावट म्हणत नाही. लेखणी मागाहून चालते हे वाचकाला मुळातच ठाऊक असतं.

इथे तो मुलगा मला अडवेल, आणि त्याने अडवावंच. “कॅमेऱ्याबद्दल प्रेक्षकाला तसं ठाऊक नसतं ना!” बरोबर. हस्टनला मी जिथे दोषी धरतो ती जागा हीच. चित्रपटात एक पाटी येते. तिचा आशय असा, की सर्व दृश्यं शत्रूच्या माऱ्याच्या टप्प्यात घेतलेली आहेत आणि सलगतेसाठी त्यांतली ‘काही थोडी’ प्रत्यक्ष लढाईच्या आधी आणि नंतर चित्रित केली आहेत. ‘काही थोडी’! हस्टनची लबाडी शोधायची तर ती या दोन शब्दांत सापडते. पुढे आयुष्यभर तो मुलाखतींतून आणि लिखाणातून, आपण भर लढाईत कॅमेरा घेऊन उभे होतो असा समज पोसत राहिला. तो गप्पिष्ट होता, शिकारी होता, मैफिलीत रमणारा होता. आपल्या गोष्टींना फोडणी दिल्याशिवाय त्याला राहवत नसे. फेरचित्रण ही त्या डोंगरावरची गरज होती, पण ते दडवणं ही गरज नव्हती. त्याबद्दल त्याला काय शिक्षा द्यायची ती द्या.

हस्टनच्या भक्तांचा बचाव मात्र मला त्याहून नावडतो. ‘कलाकाराचं सत्य व्यापक असतं, तपशिलात कशाला शिरता?’ असं ते म्हणतात. हे मान्य केलं तर जगातला कोणताही प्रचारखात्याचा बाबू तेच तुणतुणं वाजवत येईल. तपशिलात शिरायलाच हवं. माझी तक्रार एवढीच, की आक्षेप घेणारे पुरेसे आत शिरत नाहीत. चढाईच्या दृश्यापाशी थांबतात आणि घरी जातात.

त्यांनी आणखी काही मिनिटं थांबावं. चढाई फसते. पुन्हा होते, पुन्हा फसते. १५ डिसेंबरला सोळा रणगाडे एका अरुंद रस्त्याने गावाकडे निघतात, त्यांतले चार परत येतात. मग पडद्यावर पांढऱ्या खोळी दिसतात. गादीला घालतात तसल्या. जमिनीवर पडलेल्या सैनिकाला दोघेतिघे उचलतात आणि पायाकडून खोळीत सरकवतात. पोतं भरताना आपण जसा झटका देऊन माल खाली बसवतो, तसा हलका झटका देतात. चेहरे झाकलेले नाहीत. ही माणसं अभिनय करत नाहीत. ती मेलेली आहेत, आणि अमेरिकी आहेत. आपल्याच बाजूची प्रेतं आपल्याच प्रेक्षकाला इतक्या जवळून दाखवणं त्या काळच्या लष्करी पटांत चालत नसे. निवेदन हस्टनचंच आहे, सपाट, जवळजवळ हिशेबनिसाच्या सुरात. लढाईनंतर एकट्या १४३व्या रेजिमेंटला ११०० बदली माणसं लागली, असं तो सांगतो. ‘शहीद’, ‘बलिदान’ असले शब्द न वापरता किती नग भरून द्यावे लागले तेवढं सांगायचं, हे मला पोवाड्याच्या नेमकं उलट टोक वाटतं.

चढाई बनवलेली आणि प्रेतं खरी, तर मग आक्षेप कोणी कशाला घेतला? लुटुपुटूच्या पळापळीला लष्कराने एका शब्दाने हरकत घेतली नाही. त्यांना खुपल्या त्या खोळी. हस्टन सांगतो, की मूळ आवृत्तीत त्याने हल्ल्यापूर्वी बोलतं केलेल्या सैनिकांचे आवाज त्यांच्याच प्रेतांवर ऐकवले होते. ते काढावं लागलं, चित्रपट बराच कापला गेला. कोणा अधिकाऱ्याने हा युद्धविरोधी चित्रपट आहे असं म्हटल्यावर त्याने उत्तर दिलं होतं, की मी कधी युद्धाच्या बाजूने चित्रपट काढला तर मला खुशाल गोळी घाला. ही हस्टनच्याच तोंडची गोष्ट, म्हणजे गाळूनच घ्यायला हवी. पण चित्रपट अडून राहिला होता आणि जनरल जॉर्ज मार्शल यांनी तो पाहून, प्रशिक्षण घेणाऱ्या प्रत्येक सैनिकाने हे बघावं असं म्हटल्यावर त्याची सुटका झाली, हे तर नोंदलेलं आहे. लोकांसमोर तो आला १९४५मध्ये, आणि तोही सुरुवातीला जनरल मार्क क्लार्क यांच्या समर्थनाचं ठिगळ लावून. ते ठिगळ आज बघताना हसू येतं. घरात भांडण झाल्यावर थोरल्या काकांनी पाहुण्यांना ‘तसं काही नाही हो’ म्हणावं, तसे क्लार्कसाहेब समजावत उभे आहेत.

याच्या शेजारी जॉन फोर्डच्या तुकडीचा ‘डिसेंबर सेव्हंथ’ ठेवून बघा. आपण त्याला ‘सात डिसेंबर’ म्हणू. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याचं खरं चित्रण अगदीच तुटपुंजं होतं. म्हणून ग्रेग टोलंड या थोर छायालेखकाने स्टुडिओत तो हल्ला उभा केला. छोटी जहाजं, धूर, पडद्यावर विमानं, धावते नाविक. त्याची लांब आवृत्ती नौदलाला रुचली नाही, कारण तीत आपल्याच गाफीलपणावर बोट ठेवलं होतं. ती दाबली गेली. काटछाट करून उरलेल्या अर्ध्या तासाच्या तुकड्याला अनुबोधपटाचं ऑस्कर मिळालं! त्यातली स्टुडिओतली दृश्यं पुढे कितीतरी कार्यक्रमांत पर्ल हार्बरचं ‘खरं’ चित्रण म्हणून फिरली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. हस्टनला संन्यासी म्हणायला माझी जीभ रेटणार नाही, पण सुळी मात्र चुकीच्या माणसासमोर रोवली आहे एवढं नक्की.

“गणवेश चढवला की दिग्दर्शक प्रचारकच,” हा दुसरा ठेवणीतला वार. यातही अर्धं तथ्य आहे आणि अर्धा आळस. जॉर्ज स्टीव्हन्स हा विनोदी आणि नृत्यमय चित्रपटांचा दिग्दर्शक, तोही गणवेशातच होता. त्याच्या तुकडीने डाखाऊची छळछावणी चित्रित केली. २९ नोव्हेंबर १९४५ला न्युरेंबर्गच्या न्यायालयात छळछावण्यांवरचा जो पट दाखवला गेला, त्याच्या सुरुवातीला स्टीव्हन्सचं प्रतिज्ञापत्र आहे, की या चित्रणात कोणताही फेरफार केलेला नाही. न्यायालयात चित्र हाच साक्षीदार होता, म्हणून तिथे शपथ लागली. तिथे एक फूटभर फिल्म जरी करवून घेतलेली असती तरी मी त्या मुलाच्या बाजूने उभा राहिलो असतो. सॅन पिएत्रोची गोष्ट निराळी आहे. अमुक सैनिक अमुक वाजता पडला, अशी साक्ष तो चित्रपट देत नाही. एक उजाड गाव घ्यायला किती दिवस लागले, कसे लागले आणि किती माणसं गेली, हे तो सांगतो. आणि तो हिशेब लष्करी इतिहासाशी ताडून पाहिला तर फार कुठे चुकत नाही.

मराठी माणसाला हे समजायला फार लांब जायला नको. सॅन पिएत्रोहून त्याच रस्त्याने थोडं पुढे गेलं की कॅसिनो लागतं. तिथल्या स्मारकावर नाईक यशवंत घाडगे यांचं नाव आहे, कारण त्यांची कबर कुठेच नाही. माणगावकडचा हा पोरगा, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचा. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात सगळी तुकडी पडल्यावर एकटा मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेला, शेवटी बंदूक उलटी धरून लढला आणि मारला गेला. तिथे कॅमेरा नव्हता. आपल्याला हे कळतं ते व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रातून, आणि मानपत्र म्हणजे मागाहून जुळवलेला वृत्तान्तच असतो. माणगावातल्या त्यांच्या पुतळ्यापुढे उभं राहून ‘हे चित्रित कुठे आहे?’ असं कोणी विचारत नाही. कोणी लिहिलं, कोणाला विचारून लिहिलं, हे आपण बघतो आणि विश्वास ठेवतो. तीच पारख चित्रपटाला लावायला कोणी बंदी केली आहे?

आता माझं मुख्य हत्यार काढतो, कारण त्या मुलाच्या कसोटीला ते पुरेपूर उतरतं.

सॅन पिएत्रोनंतर हस्टनवर आणखी एक काम सोपवलं गेलं. लॉंग आयलंडवर ब्रेंटवूड इथे मेसन जनरल हॉस्पिटल होतं. युद्धात मनाने मोडलेले सैनिक तिथे येत. या माणसांना नोकऱ्या द्यायला घाबरू नका, असं कारखानदारांना पटवण्यासाठी लष्कराला एक चित्रपट हवा होता. १९४५मध्ये हस्टनने तिथे कॅमेरे लावले आणि चालू ठेवले. डॉक्टरसमोर रुग्ण बसला की एक कॅमेरा याच्या चेहऱ्यावर, एक त्याच्या. तासन् तास. स्टॅन्ली कोर्टेझचं छायालेखन, आणि निवेदनाला वडील वॉल्टर हस्टन यांचा आवाज. चित्रपटाचं नाव ‘लेट देअर बी लाइट’. याच्या सुरुवातीच्या पाटीवर साफ म्हटलं आहे, की एकही दृश्य घडवून आणलेलं नाही, कॅमेऱ्यांनी घडलं ते फक्त टिपलं.

एक काळा सैनिक डॉक्टरशी बोलतो आहे. प्रेयसीचा फोटो आल्याचं सांगता सांगता त्याचा बांध फुटतो. शब्द येत नाहीत, तो माफी मागतो, पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा रडतो. डॉक्टर घाई करत नाही आणि संकलकही नाही. अमेरिकी फौजेत काळ्या-गोऱ्यांच्या पलटणी तेव्हा वेगळ्या होत्या. त्या एकत्र करण्याचा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा आदेश निघायला १९४८ उजाडायचं होतं. या चित्रपटात मात्र काळे आणि गोरे एकाच गटात खुर्च्या टाकून आपापलं दुःख सांगत बसले आहेत, आणि त्याबद्दल निवेदक एक अक्षर बोलत नाही.

आमच्या शुद्धतावाद्यांना हवा तसा चित्रपट हाच की नाही? मग याचं काय झालं? १९४६मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये तो दाखवायचा घाट घातला होता. ऐन वेळी लष्करी पोलिसांनी येऊन प्रत जप्त केली. कारण सांगितलं ते रुग्णांच्या खासगीपणाचं. रुग्णांनी सह्या करून दिलेली संमतीपत्रं होती, पण मागायला गेलं तेव्हा ती सापडेनात, असं हस्टन सांगत असे. जेम्स एजी या समीक्षकाने आधी सॅन पिएत्रो डोक्यावर घेतला होता. तो या बंदीवर तेव्हाच संतापून लिहून गेला. चित्रपट कपाटात राहिला तो १९८०च्या अखेरपर्यंत, उपाध्यक्ष वॉल्टर माँडेल यांच्यापर्यंत रदबदली होईस्तोवर. तोवर हस्टन चौऱ्याहत्तर वर्षांचा झाला होता.

म्हणजे करवून घेतलेली लढाई कापून का होईना दाखवली गेली, आणि जिच्यात एकही दृश्य करवून घेतलेलं नाही ती गोष्ट चौतीस वर्षं कुलपात. कोणतं चित्रण बोचेल हे लष्कराच्या साहेबांना आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं. दृश्य कधी घेतलं याची चौकशी करायला ते बसलेच नव्हते.

एवढ्यावर मी गप्प बसलो तर माझा युक्तिवाद साजरा दिसेल, पण तो लंगडा असेल. कारण ‘लेट देअर बी लाइट’मध्येही खोट आहे, आणि ती एकेक खऱ्या दृश्यातूनच तयार झाली आहे. पाय लुळे पडलेल्या सैनिकाला सोडियम अमिटालचं इंजेक्शन देतात आणि थोड्या वेळात तो चालू लागतो. तोतरा झालेला एकजण औषधाखाली घडाघडा बोलतो, आणि आपल्याला बोलता येतंय या आनंदाने ओरडतो. ओकिनावात स्मृती गेलेल्याला संमोहनाखाली नाव आठवतं. शेवटी बेसबॉलचा सामना, त्यात तो पायाने अधू झालेला धावतो आहे, आणि मग घरी निघालेली बस. सगळं खरंखुरं चित्रित. पण आठ-दहा आठवड्यांत मन असं शिवून मिळतं, हा जो भास त्यातून होतो त्यावर कोणता मनोविकारतज्ज्ञ सही करेल? तिथे नाटक एकाही सैनिकाने केलेलं नाही. फसवणूक आहे ती कोणाचा कोणता दिवस घ्यायचा आणि बस निघाल्यावर कॅमेरा कुठे बंद करायचा, या निवडीत. ‘शूटिंग खरं का खोटं’ एवढाच प्रश्न घेऊन बसणाऱ्याला ही लबाडी जन्मात सापडणार नाही. सॅन पिएत्रोला उडवून लावणारा तो मुलगा हा चित्रपट पाहून बहुधा टाळ्या वाजवेल.

लष्कराला मात्र त्या विषयावरचा चित्रपट हवाच होता. म्हणून १९४८मध्ये त्यांनी तो नव्याने काढला. नाव ‘शेड्स ऑफ ग्रे’. हस्टनच्या चित्रपटातल्या रुग्णांची बोलणी आता नटांच्या तोंडी घातली गेली. पडद्यावर एकही काळा माणूस ठेवला नाही. नटांना रडता येतं, थांब म्हटलं की थांबताही येतं, आणि त्यांच्या खासगीपणाचा प्रश्नच येत नाही.